रायफलीच्या पोटातला हिशेब

विरारच्या पश्चिमेला उतरून बोळिंजमार्गे निघालेला रस्ता आगाशीतून पुढे अर्नाळ्याच्या किनाऱ्याला जाऊन थांबतो. आज या भागाची ओळख केळीच्या वाड्या आणि सुकेळी अशी असली तरी सोळाव्या शतकात आगाशी हे जहाजबांधणीचे नाव घेण्याजोगे बंदर होते. पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते लुटले. १५४० साली आगाशीहून पकडून नेलेल्या एका जहाजाने पुढे युरोपपर्यंत फेऱ्या केल्या, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे. असे जहाज बांधणाऱ्या सुताराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. डोलकाठी उंच केली की शीड मोठे होते, शीड वाढले की तळाला भार वाढवावा लागतो, आणि भार वाढला की सुकाणूचा जोर पुन्हा मोजावा लागतो. एकच लाकूड बदलून काम भागत नाही.

या प्रकरणाचा विषय अर्धस्वयंचलित रायफलीचे आतले भाग हा आहे: ते कसे निवडतात, कसे सुधारतात आणि ते काम कोण करते. तिथे हाच नियम अधिक कडक होतो, कारण सगळा व्यवहार सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो.

आतला एखादा भाग बदलून शस्त्राचा स्वभावच बदलल्याची गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळा घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या काळात युरोपी पलटणींनी तोड्याची बंदूक सोडून चकमकीची धरली होती. आपल्याकडे मात्र तोड्याची बंदूक पुढेही बरीच वर्षे चालू राहिली. दोन्हींची नळी जवळपास सारखी, दारू शिसे तेच, आणि भरायचे तोंडातूनच. फरक होता तो चापाच्या यंत्रात. एकीत जळती दोरी रंजकावर टेकवायची, तर दुसरीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. कोकणच्या पावसात जळता तोडा सांभाळणे किती कठीण, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तळहाताएवढ्या त्या यंत्राने रात्रीचा पहारा, पावसातली लढाई आणि शिपायांनी रांगेत किती जवळ उभे राहायचे, हे सगळेच बदलले. पेटत्या दोऱ्या घेतलेली माणसे दारूजवळ दाटीने उभी करता येत नसत.

आता थेट १९६२ वर येऊ. चीनविरुद्धच्या युद्धात आपल्या बहुतेक जवानांच्या हातात .३०३ ची बोल्टवाली रायफल होती. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मग पुन्हा नेम धरायचा. त्या युद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल बनू लागली. पोलीस आणि फौजेत तिला आजही सगळे ‘एसएलआर’ म्हणतात. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीतले अभियंते द्यूदोने सेव्ह यांचा. खटका एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण काडतुसाची रिकामी केस बाहेर फेकणे, पुढचे काडतूस भरणे आणि घोडा चढवणे ही कामे रायफल स्वतः करते. अर्धस्वयंचलित म्हणतात ते एवढ्यापुरतेच.

ती हे कसे करते, ते सावकाश पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काडतूस पेटले की नळीत वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. ती नळीच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधी, वाटेतल्या एका बारीक छिद्रातून थोडा गॅस वर निसटतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन ब्रीचब्लॉक वाहून नेणाऱ्या बोल्ट कॅरियरला धक्का देतो. कॅरियर किंचित मागे सरकेपर्यंत नळीचे मागचे तोंड बंद करणारा हा ब्रीचब्लॉक कुलूपबंदच असतो. त्याची मागची कड लॉकिंग शोल्डर नावाच्या पोलादी आडव्या तुकड्याला टेकलेली असते. कॅरियर आणखी मागे गेला की ब्रीचब्लॉकची ती कड वर उचलली जाते, कुलूप सुटते, एक्स्ट्रॅक्टरची आकडी केसची कडा धरून तिला ओढते आणि इजेक्टर तिला बाहेर भिरकावतो. मग दस्त्यात बसवलेली रिटर्न स्प्रिंग सगळा जामानिमा पुढे लोटते आणि जाता जाता मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत सारते. बोट अजून खटक्यावर दाबलेले असले तरी सिअर नावाची अडणी घोड्याला अडवून धरते. बोट सैल करून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही.

या साखळीत गॅस, स्प्रिंग, वजन आणि मोजमाप असे चार हिशेब आहेत, आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. समजा, कुणाला वाटले की जोरकस रिटर्न स्प्रिंग घातली तर रायफल अधिक खात्रीने बंद होईल. तशी ती होईलही, पण आता त्याच गॅसला कॅरियर पुरता मागे नेता येणार नाही. केस अर्धवट बाहेर येऊन अडकेल किंवा नवे काडतूस उचललेच जाणार नाही. मग गॅस वाढवावा, तर आकडी केसवर अजून दाब असतानाच तिला ओढू लागते, कडा फाटते आणि कॅरियर मागच्या भिंतीवर हातोड्यासारखा आदळतो. वाढवलेला गॅस झेपावा म्हणून कॅरियर जड केला, तर नेम धरलेल्या हातात रायफल अधिक हलते. बदललेला प्रत्येक भाग एकटा पाहिला तर आधीच्याहून चांगला असतो, आणि तरीही रायफल बिघडलेली असते. या विषयावर लिहिताना मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच: रायफलीत एकटा चांगला असा भाग नसतो, बाकीच्यांशी जुळणारा भाग हाच चांगला भाग.

एसएलआरच्या आराखड्यात या गुंत्याची जाण जागोजागी दिसते. तिच्या गॅस व्यवस्थेला फिरवता येणारा रेग्युलेटर आहे. रायफल नवी आणि स्वच्छ असते तेव्हा जास्तीचा गॅस बाहेर सोडून द्यायचा. धूळ आणि काजळी साचून भाग जड चालू लागले की बाहेर जाणारी वाट आवळून पिस्टनला अधिक गॅस द्यायचा. भाग न बदलता हिशेब बदलण्याची ही सोय शिपायाच्या हातात मुद्दाम ठेवली होती. ब्रिटिशांनी वाळवंटातल्या चाचण्यांनंतर याच आराखड्यावरून बनवलेल्या आपल्या रायफलीच्या कॅरियरवर तिरक्या खाचा पाडल्या. बारीक वाळू आली तर तिला साठायला जागा मिळावी आणि सरकणारे पृष्ठभाग मोकळे राहावेत, एवढाच हेतू. धातू वाढवला नाही, उलट काढून टाकला. सुधारणा म्हणजे नेहमी काहीतरी जोडणे अशी आपली समजूत असते. त्या खाचा पाहिल्या की ती डळमळते.

या रायफलीत भागांची निवड खऱ्या अर्थाने होते ती लॉकिंग शोल्डरपाशी. ब्रीचब्लॉक बंद झाल्यावर त्याचा चेहरा आणि नळीत काडतुसाचा खांदा टेकतो ती कड यांच्यात किती जागा असते, याला हेडस्पेस म्हणतात. ही जागा कमी पडली तर ब्लॉक पुरता बंद होत नाही. जास्त झाली तर पितळी केस दाबाखाली ताणली जाते, आणि ती फाटली तर गरम गॅस शिपायाच्या तोंडाशी येतो. प्रत्येक नळी आणि प्रत्येक ब्लॉक केसाच्या जाडीने का होईना, वेगळा असतो. म्हणून लॉकिंग शोल्डर अनेक मापांत तयार ठेवतात, आणि शस्त्रांची दुरुस्ती करणारा फौजेतला कारागीर, म्हणजे आर्मरर, मोजमापाचे गेज लावून त्या एका रायफलीला बसणारा नेमका तुकडा निवडतो. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा. एका रायफलीचा ब्रीचब्लॉक दुसरीत सहज बसतो, सरकतो, बंदही होतो, आणि तरी गेज न लावता ती चालवणे धोक्याचे असते. ‘बसला’ आणि ‘जुळला’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आर्मररला शिकवावे लागते.

बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या रायफलींतही अशी फसगत होते. बेल्जियमचा मूळ आराखडा मेट्रिक मापांचा. ब्रिटिशांनी तो इंचांत उतरवला. त्यामुळे ब्रिटिश मॅगझिन मेट्रिक रायफलीत बसतच नाही, कारण तिच्या पुढच्या बाजूचा अडकवण्याचा उंचवटा मोठा आहे. एकाच घराण्यातल्या दोन रायफली, एकच काडतूस, आणि तरी सुटे भाग एकमेकींना परके. इशापूरच्या रायफलीत ब्रिटिश आणि मेट्रिक अशा दोन्ही घाटांच्या खुणा सापडतात.

महाराष्ट्राचा या गोष्टीतला मोठा वाटा पुढे सुरू होतो. पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन संघटनेची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा आहे, एआरडीई या नावाने ओळखली जाणारी. एसएलआरच्या जागी येणाऱ्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीचा आराखडा १९८० च्या दशकात तिथे तयार झाला. पुण्याच्या अभियंत्यांनी जगभरच्या रायफलींतून भाग निवडले. फिरून कुलूप लावणारा बोल्ट आणि लांब पल्ल्याचा पिस्टन कलाश्निकोव्हच्या वळणाचा, गॅस रेग्युलेटर एसएलआरच्या घराण्यातला, डाव्या बाजूचे कॉकिंग हँडल जर्मन पद्धतीचे. नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला, कारण आपल्या हवेत गंज हा कायमचा शत्रू आहे. एका दाबात तीन गोळ्यांची सोयही ठेवली. जुन्या सवयीच्या शिपायाला ओळखीचे वाटेल आणि चिखलातही चालेल असे काही घडवायचे होते.

१९९९ साली इन्सास कारगिलच्या उंचीवर लढली आणि तक्रारी आल्या. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिन तडकत होती, रायफल अडकत होती, काही वेळा तेल उडून डोळ्यांत जात होते. २००५ साली नेपाळी सैन्यानेही लढाईत रायफल थांबल्याची तक्रार केली. भारताकडून उत्तर आले की वापर नीट झाला नसावा. या रायफलीवर तेव्हापासून फार टीका झाली. त्यातली बरीच रास्त होती, पण सगळा दोष आराखड्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. तडकणारी मॅगझिन हा आराखड्यापेक्षा साहित्याचा प्रश्न आहे: जे प्लास्टिक सपाटीवर लवचीक असते, ते उणे तापमानात ठिसूळ होते. मॅगझिन हा रायफलीच्या स्वस्त भागांपैकी एक, आणि काडतूस वर चढवणारी तिची स्प्रिंग व ओठ जागचे हलले तर महागडा बोल्ट आणि क्रोमची नळी काहीच करू शकत नाहीत. तेलाचेही तसेच. जे तेल अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात गंज रोखायला लागते, तेच गोठणाऱ्या थंडीत घट्ट होऊन सरकणारे भाग धरून ठेवते. आणि राजस्थानच्या धुळीत जाडसर लावले तर त्यावर वाळू चिकटून कानशीच तयार होते. तेलाचा थर किती, हाही आतल्या भागांच्या निवडीतलाच निर्णय आहे.

काडतूसही त्यातच येते. वरणगावचा आयुध कारखाना जळगाव जिल्ह्यात, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्याला. रायफलीच्या गॅसचा हिशेब काडतुसाच्या दारूवर बेतलेला असतो. दारू थोडी वेगळ्या गतीने जळू लागली की नळीच्या छिद्रापाशी दाब बदलतो, आणि एकही भाग न बदलता रायफलीचा स्वभाव बदलतो. म्हणून रायफल आणि काडतूस यांची चाचणी एकत्र घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळा बनवणारी म्युनिशन्स इंडिया पुण्याला, तर रायफली बनवणारी कंपनी कानपूरला. कागदावर घर वेगळे झाले, तरी नळीतला तो गॅस दोन्ही घरांचा आहे.

पाषाणच्या प्रयोगशाळेने पुढेही काम थांबवले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘उग्रम’ ही ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल तिने एका खासगी कंपनीच्या साथीने समोर आणली. वजन चार किलोच्या आत. ६० वर्षांपूर्वी एसएलआरने आणलेल्या त्याच जड काडतुसाकडे आपण पुन्हा आलो आहोत.

सुटे भाग हौसेने, अगदी कायद्याच्या चौकटीत राहून निवडणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, ती नेमबाजीच्या मैदानावर. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. हे पिस्तूल .२२ बोअरचे आणि अर्धस्वयंचलितच असते. स्पर्धेआधी पंच त्याच्या खटक्याला वजन लावून पाहतात: १००० ग्रॅमचे वजन पेलताना खटका सुटला, तर ते पिस्तूल बाद. खेळाडूला खटका हवा तितका हलका करता येत नाही. नियमाच्या रेषेपासून किंचित वर, पण रोज अगदी सारखा, असा तो हवा असतो. खटक्याची धार, स्प्रिंग, सिअरचा टेकू हे सगळे त्या सारखेपणासाठी निवडतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदक घेणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातलेच. त्यांच्या ५० मीटर रायफल प्रकारात खटक्याच्या वजनाला खालची मर्यादा नाही, आणि तिथे तो फुंकरीसारखा हलका ठेवतात. तोच खटका पोलिसाच्या रायफलीला लावला, तर धावताना, धक्क्याने, घामेजल्या बोटाने गोळी सुटेल. म्हणून फौजेच्या रायफलीचा खटका मुद्दाम जड, साधारण तीन ते चार किलोंचा ठेवतात. अचूकतेत त्याची थोडी किंमत मोजावी लागते, आणि ती मोजणे योग्यच आहे.

मग सामान्य परवानाधारकाचे काय? आगाशी, विरार, वसई हा भाग ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली आहे, आणि शस्त्रपरवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित बंदुका, तसेच .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची फौजी काडतुसे चालवणाऱ्या रायफली पहिल्या आणि सर्वांत कडक गटात ठेवल्या आहेत. स्वसंरक्षणासाठी लांब नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक आणि शेतीच्या रक्षणासाठी तोंडातून भरायची बंदूक, अशांच्या बाबतीत १९५९ चा शस्त्र कायदा थोडा सैल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात.

या कायद्यातले एक कलम मात्र पुष्कळ परवानाधारकांना माहीत नसते. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे परदेशी जाहिरात पाहून मागवलेला बोल्ट किंवा नळी ही केवळ वस्तू नाही, कायद्याच्या नजरेत ते शस्त्र आहे. दुरुस्ती, चाचणी आणि बदल हे व्यवसाय म्हणून करायला वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करणे किंवा बंदूक एका गटातून दुसऱ्या गटात जाईल असा बदल परवान्याशिवाय करणे, याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हा कडकपणा मला पटतो. फौजेतल्या आर्मररकडे गेज असतात, प्रत्येक रायफलीचा इतिहास लिहिलेली वही असते, आणि बदलानंतर गोळ्या झाडून पाहायला मैदान असते. घरच्या टेबलावर यातले काहीही नसते, आणि तिथे चुकलेला शंभरावा भाग डोळ्यांना दिसतही नाही.

तुमच्याकडे परवान्याची बंदूक असेल आणि खटका अडखळत असेल, केस नीट निघत नसेल, स्प्रिंग मऊ पडली असेल, तर ती रिकामी करून परवानाधारक बंदूक दुरुस्ती दुकानात न्या, परवाना सोबत ठेवा, आणि बदललेल्या प्रत्येक भागाची पावती मागून घ्या. नवा भाग बसवल्यावर तिथे गेज लावून पाहिले का, हे विचारायला संकोच करू नका.